शिडीची वाट आणि गणपतीची वाट



आपल्या महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला, नवा कळस चढला, आणि या मंगल प्रसंगी स्मरणिका काढण्याचे ठरले. "देवळाचा इतिहास तू लिही," असे मंडळींनी माझ्यावर सोपविले. मी आनंदाने होकार दिला खरा. पण लिहायला बसल्यावर अडचण कळली. आपल्या देवळाला शिलालेख नाही. सनद नाही. कोणा सरदाराने किंवा सावकाराने ते बांधल्याचा कागद कोणाच्या पेटीत सापडला नाही. जुना गाभारा, एक झिजलेला नंदी, पायरीचे चार काळे दगड आणि यात्रेकरूंसाठी बांधलेली लांबट पडवी, एवढेच आपल्या हाती आले.

पण त्या पडवीनेच मला वाट दाखविली. एवढ्या लहान वस्तीच्या देवळाला चाळीस-पन्नास माणसे निजतील एवढी पडवी कशाला हवी होती? गावच्या माणसांना निजायला आपापली घरे होती. ती पडवी होती भीमाशंकराला निघालेल्या वाटसरूंची. देवळाच्या दारात उभे राहून पूर्वेकडे पाहिले की सह्याद्रीची भिंत दिसते, आणि त्या भिंतीवरून वर जाणाऱ्या दोन वाटा आहेत. आपले देऊळ हे त्या वाटांचे पायथ्याचे विसाव्याचे ठिकाण. म्हणून देवळाचा इतिहास लिहायचा तर त्या वाटांचाच लिहिला पाहिजे, असे माझ्या मनाने घेतले. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

दोन वाटांची एक फेरी

कर्जत तालुक्यातील खांडस गाव सोडून डोंगराकडे निघाले की पुलापाशी वाट दुभंगते. डावीकडची वाट शिडीघाटाची, उजवीकडची गणेशघाटाची. आपण मात्र 'घाट' हा शब्द सहसा लावीत नाही. 'शिडीने गेला' किंवा 'गणपतीने आला' एवढे म्हटले की पुरते.

शिडीची वाट सरळ कड्याच्या अंगावर जाते. बाजूला खोल घळ आहे. पावसाळ्यात त्या घळीत वरून पाणी कोसळत असते, आणि त्याच्या आवाजात शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. जिथे कडा उघडा पडतो आणि पायाला जागा उरत नाही, तिथे लोखंडी शिड्या लावल्या आहेत. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधल्या टप्प्यात खडकातल्या खोबणींचा आधार. धडधाकट माणूस या वाटेने तीन-चार तासांत देवापाशी पोचतो.

गणपतीची वाट घाई करीत नाही. ती डोंगराच्या सोंडेला वळसा घालते, पदरगडाच्या कडेने जाते, आणि वाटेत गणपतीचे लहानसे देऊळ लागते. तिथे नारळ वाढवावा, घोटभर पाणी प्यावे आणि पुढे चालू लागावे. या वाटेने पाच-सहा तास लागतात. पण म्हातारे माणूस, लेकुरवाळी बाई, डोक्यावर ओझे असलेला गडी, सगळ्यांना ती चालते.

दोन्ही वाटा पदरवाडीच्या सपाटीवर एकत्र येतात. तिथे विहीर आहे, चार खोपट्या आहेत, आणि दम खाण्यासाठी सावली आहे. तेथून पुढे दाट रानातून शेवटची खडी चढण आहे, ती मात्र सर्वांना सारखीच. पायथ्यापासून देवळापर्यंत एकंदर चढ पावणेतीन ते तीन हजार फुटांचा.

एका वाटेने चढून दुसरीने उतरले म्हणजे घळीच्या भोवतीचे कडे पूर्ण होते. आपल्याकडे याला नुसते 'फेरी' म्हणत आले. फेरीचा रिवाजही ठरलेला होता. चढताना शिडीने गेले तरी चालेल, उतरताना मात्र गणपतीनेच यायचे. शिडीवर चढणाऱ्याचे डोळे खडकाकडे असतात. उतरणाऱ्याला पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही आणि नको ती दरी दिसते. एवढ्या साध्या विचारावर तो रिवाज उभा होता.

डोंगर कसा झाला

हा डोंगर असा पायऱ्यापायऱ्यांचा का, याचे उत्तर भूशास्त्रज्ञांनी दिले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर पडला आणि दूरवर पसरला. तो थिजला, त्यावर पुन्हा नवा थर आला, असे थरावर थर बसत गेले. पुढे ऊन-पावसाने डोंगर झिजू लागला तेव्हा कठीण थर कड्यासारखे ताठ उभे राहिले आणि मऊ थर झिजून उताराचे, सपाटीचे झाले. त्या कड्यामधल्या सपाटीला आपण 'पदर' म्हणतो. लुगड्याच्या पदरासारखी ती डोंगराच्या अंगावरून गेलेली असते. पदरवाडी हे नाव त्यावरूनच पडले.

या काळ्या खडकाला शास्त्रात 'डेक्कन ट्रॅप' असे नाव आहे. त्यातील 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतील जिना या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या पंडितांनीही या डोंगराला जिनाच म्हटले. फक्त त्याची एकेक पायरी माणसाच्या मापाची नाही. जी पायरी फार उंच, तिथे आपल्या पूर्वजांनी शिडी लावली. आणि जिला वळसा घालता आला तिथे गणपती बसविला. दोन्ही वाटांचा सारा भूगोल एवढ्यात आला.

माथ्यावरचे आणखी एक नवल सांगण्याजोगे आहे. त्या धारेवर पडलेला पावसाचा थेंब पूर्वेकडे ओघळला तर तो भीमेत जातो. भीमा पुढे पंढरपुरी चंद्रभागा म्हणून विठोबाच्या पायांशी वाहते, सुमारे 860 किलोमीटरांचा प्रवास करून कृष्णेला मिळते, आणि ते पाणी पूर्वसमुद्राला जाते. तोच थेंब हातभर पश्चिमेला पडला तर तो आपल्या ओढ्यांत येतो, ओढ्यांतून उल्हास नदीत आणि वसईच्या खाडीने पश्चिम समुद्रात. वर देवाला घातलेले पाणी पंढरीला जाते आणि डोंगराने आपल्याला दिलेले पाणी आपल्या भातखाचरांत येते.

देवाची कथाही पाण्याचीच आहे. त्रिपुरासुराचा वध करून थकलेले शंकर सह्याद्रीच्या माथ्यावर विसावले आणि त्यांच्या अंगावरून जो घाम निथळला त्याची भीमा नदी झाली, असे पुराण सांगते. घाट चढून घामाघूम झालेल्या माणसाला ही कथा पटवून द्यावी लागत नाही.

मीठ, पहारे आणि घाट

कोकण आणि देश यांच्यामध्ये ही भिंत उभी असल्यामुळे तिच्यातील प्रत्येक फटीला फार जुन्या काळापासून मोल होते. आपल्या उत्तरेला जुन्नरकडे जाणारा नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे आणि तो जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो. मोठे तांडे, लमाणांचे बैल अशा प्रशस्त घाटांनी जात.

आपल्या वाटा त्या मानाने गरिबाच्या. येथून जाई ते माणसाच्या डोक्यावरचे ओझे. खालून मीठ, सुकी मासळी, तांदूळ वर जायचे. वरून गूळ, मिरची, कडधान्य आणि रानातला हिरडा खाली यायचा. मिठाची पाटी डोक्यावर असलेला माणूस शिडीच्या वाटेला जात नसे. पावसाच्या सरीत मीठ विरघळले तर सोसता येते, हातची पकड सुटली तर सोसत नाही.

वाट आली की पहारा आला. गणपतीच्या वाटेवर डोळा ठेवून पदरगडाचा सुळका उभा आहे. वर चढणे कठीण. पण तेथे गुहा आणि पाण्याची टाकी खोदलेली आहेत, म्हणजे माणसांची वस्ती होती. थोडा दूर पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड आहे. त्याच्या सुळक्याच्या पोटात खडक कोरून जिना केला आहे. तो पाहण्यासारखा आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, 1684 साली, हा किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि तो परत घेण्यासाठी मराठ्यांनी रक्त सांडले. लहानशा किल्ल्यासाठी एवढी झटापट का, असा प्रश्न नकाशा पाहणाऱ्याला पडतो. वाट चालणाऱ्याला पडत नाही. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती खालचा मुलूख.

या वाटांची जाण हेच आपल्या लोकांचे मोठे शस्त्र होते. 1661 साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला उंबरखिंडीत कोंडले, ते खोपोलीच्या बाजूला, याच सह्याद्रीच्या रांगेत. खानाजवळ फौज मोठी होती. पण रान कुठे दाटते आणि वाट कुठे अरुंद होते हे त्याला ठाऊक नव्हते.

माथ्यावरचे देऊळ

भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, हे मी सांगायला नको. तेथील गाभारा जुना आहे. देवाच्या पूजेअर्चेसाठी शिवाजी महाराजांनी खरोशी गाव लावून दिल्याचे सांगतात. पेशवाईत देवस्थानाचा उत्कर्ष झाला. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्या मोहिमेनंतर वसईकडच्या चर्चच्या मोठमोठ्या घंटा महाराष्ट्रातील निरनिराळ्या देवळांना मिळाल्या. त्यांतील एक भीमाशंकरी शनीच्या देवळापुढे टांगलेली आहे. समुद्रकाठची घंटा सह्याद्रीच्या माथ्यावर वाजू लागली. कोकण आणि देश यांचे नाते सांगायला याहून बोलकी खूण कोणती?

आज आपण पाहतो ते देऊळ बांधण्यास नाना फडणविसांनी प्रारंभ केला. नाना 1800 साली वारले तेव्हा काम अपुरे होते. ते त्यांच्या पत्नीने पुरे करविले. आपल्या जीर्णोद्धार समितीतील ज्या वडीलधाऱ्यांनी पहिली वर्गणी गोळा केली, त्यांपैकी कित्येकजण आजचा दिवस पाहायला उरले नाहीत. त्यांच्या मुलाबाळांनी ते काम पुरे केले. नानांच्या देवळाची हकीकत वाचताना मला त्यांची आठवण आली. देवाचे काम एका हयातीत पुरे व्हावे, असा नियम नाही.

पण एक गोष्ट मला नेहमी खटकते. देवळाच्या इतिहासात बांधणाऱ्यांची नावे येतात. वाट बांधणाऱ्यांची येत नाहीत. कड्यावर पहिली खोबण कोणी पाडली, निसरड्या चढणीवर दगडाची पहिली पायरी कोणी बसविली, यांची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. ती माणसे आपल्याच डोंगरांतली असणार. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, कुणबी. त्यांनी ज्या दगडावर पाय ठेवण्याची सोय केली, त्याच दगडावरून सरदार आणि सावकार देवाला गेले.

रानाने राखलेली माणसे

इंग्रजी अमलात या रानाला दुसरे रूप आले. जमीन, सावकारी कर्ज आणि जंगलाचे कायदे यांनी डोंगरातील माणूस जेरीस आला तेव्हा महादेव कोळ्यांनी वारंवार उठाव केले. राघोजी भांगरे हे त्यांतील मोठे नाव. त्यांना 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले.

त्यानंतर शंभर वर्षेही झाली नाहीत तोच 1942 चा लढा आला. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी आपल्या या कर्जत-मुरबाडच्या मुलखात शाळा काढल्या होत्या; सावकाराच्या पाशातून गरिबांना सोडविण्यासाठी धान्याच्या पेढ्या चालविल्या होत्या. 'चले जाव'च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून सरकारला हैराण केले. या काळात त्यांना आश्रय दिला तो याच रानाने. भीमाशंकराच्या उत्तरेस, याच रांगेत, सिद्धगडाच्या जंगलात 2 जानेवारी 1943 रोजी पोलिसांनी त्यांना पहाटे गाठले. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तेथे हुतात्मे झाले. आजही त्या दिवशी लोक सिद्धगडावर जमतात. या डोंगराची वाट चालताना देवाबरोबर त्या दोघांचेही स्मरण व्हावे.

आगगाडी आली, मोटार आली

वाटेचे वैभव कसे सरले तेही लिहिले पाहिजे. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि 1863 साली त्याच घाटातून आगगाडी वर चढली. झाले! जे ओझे माणसाच्या डोक्यावरून दिवसभरात वर जाई, ते डब्यात घालून दोन घटकांत लोणावळ्यास पोचू लागले. आपल्या वाटांवरील व्यापार हळूहळू आटला. यात्रा मात्र चालू राहिली. उलट आगगाडीने मुंबईचे यात्रेकरू नेरळ-कर्जतला आणून सोडले. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी आपली पडवी भरून जाई, ती त्या माणसांनी.

पुढे पुण्याच्या बाजूने डांबरी रस्ता थेट भीमाशंकरी पोचला. मोटारी देवळाजवळ जाऊन उभ्या राहू लागल्या. यात रस्त्याचा दोष नाही. ज्यांना चालवत नाही त्यांनाही देव भेटला पाहिजे. पण तेव्हापासून पायी जाणारे कमी झाले, आपली पडवी रिकामी पडली, तिच्यात गवताचे भारे आले. देवळाला ओहोटी लागली ती तेव्हापासून. जीर्णोद्धार करण्याची पाळी का आली, याचे खरे कारण पावसाने गळणारे छप्पर नव्हते. वाट मोडली हे होते.

आता वाटेवर पुन्हा माणसे दिसतात. शनिवार-रविवारी पाठीला पिशव्या लावून तरुण मुले-मुली पावसाळ्यात येतात. त्यांचे स्वागत असो. पण त्यांतील पुष्कळांना फेरीचा रिवाज ठाऊक नाही. ओल्या शिडीवर दाटी होते, कोणी मध्येच थांबून छायाचित्र काढतो, कोणी धबधब्याखाली जातो. अपघात होतात, मग पावसाळ्यात वाट बंद ठेवण्याचा हुकूम निघतो. हुकूम योग्यच, पण जो धडा आपल्या घरात शिकवला जाई तो हुकमाने शिकवावा लागावा, याचे वाईट वाटते.

मी स्वतः तो धडा कसा शिकलो ते येथे सांगतो. त्यात माझी प्रौढी नाही, उलट कमीपणाच आहे.

अठरा वर्षांचा असताना एका श्रावणी सोमवारी आम्ही चौघे मित्र देवाला गेलो होतो. परतताना पदरवाडीच्या विहिरीपाशी माझे चुलते बसले होते. दर श्रावणी सोमवारी ते तेथे बसत, आणि खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "माउली, गणपतीनं जा." आम्हालाही त्यांनी तेच सांगितले. मी म्हटले, "काका, अंधार पडायच्या आत घरी पोचायचंय. शिडीनं पटकन उतरू." ते म्हणाले, "पटकन उतरायला पाऊस तुझ्या ओळखीचा आहे का?" आम्ही हसलो आणि शिडीची वाट धरली.

दुसऱ्या शिडीवर माझ्या मागच्या मित्राचा पाय शेवाळावरून सरकला. तो दरीत गेला नाही, खडकाच्या कोपऱ्यावर आपटला, हे देवाचे देणे. पण मांडीचे हाड मोडले. वरून पाणी ओतत होते. त्याला शिडीवरून खाली नेता येईना. आमच्यातला एकजण धावत वर गेला. काका पदरवाडीची सहा माणसे घेऊन आले. त्यांनी घोंगडी आणि बांबूची झोळी केली, त्याला पुन्हा वर पदरावर घेतले आणि गणपतीच्या वाटेने, कंदिलाच्या उजेडात, खाली आणले. गावात पोचायला मध्यरात्र झाली. त्या सहांपैकी कोणीही पैसा घेतला नाही, चहा घेऊन त्याच पावसात ते वर निघून गेले.

काकांनी मला शब्दाने बोलले नाही. पुढच्या वर्षी आषाढात आवणी उरकली तेव्हा त्यांनी दारात येऊन हाक मारली, "चल, दगड उचलायला." तेव्हा मला कळले की दरवर्षी श्रावणापूर्वी गावातली आणि पदरवाडीची दहा-पंधरा माणसे गणपतीची वाट नीट करायला जातात. पावसाने हललेली पायरी बसवायची, वाटेवर आलेले पाणी चर काढून बाजूला काढायचे, आडवे पडलेले झाड तोडायचे. मी अठरा वर्षे त्या वाटेवरून देवाला गेलो होतो, आणि ती आपोआप तशी राहते असे समजत होतो.

तो माझा मित्र आजही काठी घेऊन चालतो. जीर्णोद्धाराचा पैन्‌पैचा हिशेब त्यानेच ठेवला आहे.

वाट राखणे म्हणजे डोंगर राखणे

त्या कामात काका आणखी एक गोष्ट करीत. ती मला तेव्हा निरर्थक वाटे. ते प्रत्येक झऱ्यापाशी थांबून पाणी ओंजळीत घेऊन पाहत; गढूळ आहे का. उतारावर नवी भेग दिसते का, सरळ वाढलेले झाड कलले आहे का, गेल्या वर्षीचा धोंडा जागेवर आहे का, हे पाहत आणि संध्याकाळी देवळात चारचौघांना सांगत.

30 जुलै 2014 रोजी सकाळी डोंगराच्या पलीकडे, आंबेगाव तालुक्यात, माळीण गावावर कडा कोसळला. एस.टी.चा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला तर त्याला गाव जागेवर दिसेना. त्याने सांगितले तेव्हा जगाला कळले. सुमारे दीडशे माणसे मातीखाली गेली. नंतर 19 जुलै 2023 च्या रात्री आपल्याच रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली आणि घरेच्या घरे गाडली गेली. या दोन्ही बातम्या ऐकल्या तेव्हा मला काकांची ओंजळ आठवली. तज्ज्ञ सांगतात की, दरड कोसळण्यापूर्वी पुष्कळदा खुणा दिसतात: उतारावर नव्या भेगा, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नव्या जागी फुटणे, झाडे आणि खांब कलणे. प्रत्येक वेळी या खुणा दिसतीलच असे नाही. पण दिसल्या तर पाहायला कोणी तरी डोंगरावर असले पाहिजे.

आमच्या पूर्वजांची वाट-दुरुस्ती ही नुसती यात्रेकरूंची सेवा नव्हती. ती वर्षातून एकदा डोंगराची नाडी पाहण्याची रीत होती. वाट मोडली तेव्हा यात्रेबरोबर ती नजरही गेली. देऊळ कितीही भक्कम बांधले तरी त्याच्यामागचा डोंगर आपल्या नजरेबाहेर असेल, तर कळसाचा काय उपयोग?

रानाचीही तीच गोष्ट. 1985 साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले, मुख्यतः शेकरूसाठी. हा तांबूस झुबकेदार शेपटीचा प्राणी झाडावरून झाडावर उड्या घेत जातो, जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीला फांदी लागली आहे तोवरच त्याची वाट चालू राहते. भर पावसाळ्यात या रानातील ओली लाकडे काळोखात हिरवट उजळतात, तो एका बुरशीचा प्रकाश. जुन्या लोकांनी देवराया राखल्या, कुऱ्हाड लावली नाही, म्हणून हे उरले. मुळांनी माती धरली, मातीने वाट धरली, वाटेने माणूस धरला.

नम्र विनंती

जीर्णोद्धारात देवळाच्या जुन्या ओट्याचे काही दगड शिल्लक राहिले आहेत. ते कोणी विकू नयेत. समितीने वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन ते गणपतीच्या वाटेच्या पहिल्या चढणीवर बसवावेत, अशी माझी सूचना आहे. देवळाची पायरी वाटेची पायरी होईल, यात देवाचा मान कमी होणार नाही. दुसरी विनंती अशी की, आवणी उरकल्यानंतरचा एक रविवार पूर्वीप्रमाणे वाटेसाठी राखून ठेवावा. पदरवाडीच्या मंडळींना बोलवावे. शाळेतल्या वरच्या वर्गातील मुलांना बरोबर न्यावे आणि झऱ्याचे पाणी ओंजळीत कसे पाहायचे ते शिकवावे. आणि श्रावणी सोमवारी विहिरीपाशी आपल्यापैकी एकाने बसावे. माझे वय झाले तरी पहिल्या सोमवारी मी बसेन.

पडवी आपण नव्याने बांधली आहे. कौले नवी आहेत, जमीन स्वच्छ आहे. तिच्यात पुन्हा वाटसरू निजोत. पहाटे उठून ते वर जातील, कोणी शिडीने, कोणी गणपतीने. वर देवापाशी सगळे एकच होतात. मात्र परतताना सर्वांनी गणपतीने यावे.

श्रीशंकर सर्वांना सुखरूप घरी आणो.

— एक ग्रामस्थ